अर्धा फेरा घट्ट

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझ्या आयुष्यातली जवळजवळ दोन वर्षं मी उलटी टांगलेली होते. मला सांगायचं आहे ते बरंचसं त्या दोन वर्षांबद्दलच. नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. सरळ चालायची सवय असली तरी ती कापडावर. बोलताना मी अडखळते, मध्येच दोरा तुटतो, मागे जाऊन पुन्हा ओवावा लागतो. तेव्हा कुठे टाका सुटला तर सांभाळून घ्या.

मला कुणी ‘ते मशीन’ म्हणतात, कुणी ‘ती मशीन’. ताई मला ‘ती’ म्हणायची, म्हणून मीही स्वतःला ‘ती’च समजत आले. ताई कोण, ते पुढे येईलच.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड केलं, घासलं, काळा रंग चढवला आणि भट्टीत भाजून तो पक्का केला. मग एका कारागिराने माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली. शेवटच्या पानाशी त्याचा हात हलला आणि पान वाकडं झालं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि मला पुढे सरकवलं. त्या वाकड्या पानाची मला फार वर्षं लाज वाटत होती.

माझं टेबल, लोखंडी पाय आणि पायाने हलवायचा खालचा पायटा दुसरीकडे तयार झाले. टेबलात एक खास सोय होती. दुकानदार ती प्रत्येकाला हौसेने दाखवायचा. “काम झालं की चाकावरचा पट्टा काढायचा, मशीन अशी खाली वाकवायची, वरून फळी लावायची. झालं! मशीन पोटात आणि वर छानपैकी टेबल!” बघणारे खूश व्हायचे. मी मात्र आत अंधारात मान खाली घालून लोंबकळत असायचे आणि पुन्हा फळी उघडण्याची वाट बघायचे. त्या सोयीचं कौतुक मला कधीच वाटलं नाही.

मला विकत घेतलं ते ताईच्या वडिलांनी. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला नर्सचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या गावी जायचं होतं. अर्ज भरून झाला होता. घड्या घातलेले दोन पोशाख आणि एक टॉवेल अशी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. वडिलांनी मला खिडकीखाली ठेवलं, चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “बघ, कसली मशीन आणली तुझ्यासाठी. आता कुठे जायची गरजच नाही. घरबसल्या काम.”

वडील गेल्यावर ताई स्टुलावर बसली आणि दोरा न ओवताच पायटा मारत राहिली. माझी सुई रिकामी वरखाली होत होती. खूप वेळाने ताईचं बोट माझ्या त्या वाकड्या पानावर गेलं. “तुलाही कुणी नीट होऊ दिलं नाही का?” ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही दोघी त्या खिडकीखाली होतो. मी तिची मैत्रीण होते की तिच्या दाराला लावलेली कडी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

काम मात्र आम्ही भरपूर केलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, बाळंतविड्याचे लंगोट, एकदा तर सर्कशीच्या तंबूचं फाटलेलं टोक. ते शिवताना माझ्या तीन सुया मोडल्या. ताईची शिलाई अशी असायची की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, ते ओळखता येऊ नये. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “हात आहे की काय आहे!” ताई उत्तर द्यायची, “हात माझा नाही, हिचा.” असं कौतुक झालं की माझं तेल जरा जास्तच पाझरायचं.

ताईचा एक नियम होता. मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिच्या धाकट्या भावाने लहानपणी एकदा सुईखाली बोट घातलं होतं. बोट बरं झालं, पण नियम तसाच राहिला. तेल तीच घालायची, पट्टा तीच ताणायची, खालच्या दोऱ्याची बॉबिन तीच भरायची. कुणी शिकवा म्हटलं तर म्हणायची, “मी मेले की शिका.” त्या वेळी मला या नियमाचा अभिमान होता. पुढे तोच आम्हाला महागात पडला.

आईवडील गेले. धाकटा भाऊ मोठा होऊन सार्वजनिक बागेत माळी झाला. घरात सगळे त्याला भाऊच म्हणायचे. झाडं त्याच्या हाताखाली वेडी वाढायची. पण आपल्याला झाडांइतकंच बाकीचंही सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती. तो नळ दुरुस्त करायचा, मग प्लंबर येऊन त्याची दुरुस्ती दुरुस्त करायचा. त्याचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. येताना तिने एक ओव्हन आणला. तेव्हापासून आमच्या घराला पहाटे पावाचा वास येऊ लागला.

वहिनी डावखुरी. पीठ मळून झालं की दोन्ही हात अंगावरच्या चांगल्या कपड्यांना पुसायची. ताईला ते बघवायचं नाही.

“काय गं पीठमाखे, आज पाव केलेस की उशी?” ताई म्हणायची. “उशी असेल तर सांग, अभ्रा शिवते.”

“शिवा की वन्सं. दोन शिवा. एक तुमच्या तोंडावर घालायला होईल.”

“डावऱ्या हाताचं फुगत नाही म्हणतात.”

“जिभेच्या वाफेवर फुगतं म्हणतात. तुम्ही जरा ओव्हनपाशी बसत जा.”

ऐकणाऱ्याला वाटावं, या दोघींचं आता कडाक्याचं भांडण होणार. पण पाव कापला की शेवटचा खरपूस तुकडा ताईच्याच ताटात पडायचा. ताई तो निमूट खायची आणि चांगला झाला असं एकदाही म्हणायची नाही.

आता तो दिवस सांगते.

त्या सकाळी वहिनी बाजारात गेली होती आणि भाऊ बागेत. ताईने माझ्या टेबलाच्या खणातून एक जाड, निळं कापड काढलं. काही दिवस ती वहिनी घरात नसली की ते शिवत होती आणि चाहूल लागली की खणात कोंबत होती. कापडाला समोर एक मोठा खिसा होता आणि तो डाव्या बाजूला होता. मी ओळखलं. पीठमाखीसाठी एप्रन. कमरेचा एक बंद लावून झाला होता, दुसरा राहिला होता. इतक्यात बॉबिनमधला दोरा संपला.

मित्रांनो, इथे मला एक बारीक गोष्ट समजावून सांगावी लागेल. कंटाळू नका, सगळी गोष्ट याच्यावरच फिरते. माझ्या उजव्या हाताला जे चाक असतं, त्याच्या मधोमध एक लहान चकती असते. ती सैल केली की चाक नुसतं फिरतं आणि सुई जागच्या जागी थांबते. बॉबिन भरताना सुई उगीच वरखाली होऊ नये म्हणून ही युक्ती. बॉबिन भरली की एका हाताने चाक धरायचं, दुसऱ्या हाताने चकती अर्धा फेरा फिरवून घट्ट करायची आणि शिवायला लागायचं. इतकंच. दोन हात आणि अर्धा फेरा.

ताईने चकती सैल केली. बॉबिन निम्मी भरली. पायटा अचानक थांबला. ताईने उजवा हात उचलून माझ्याकडे आणायचा प्रयत्न केला, तो हवेतच राहिला. मग ती स्टुलावरून हळूच, कापड घसरावं तशी, खाली घसरली.

वहिनी आली तेव्हा ताई जमिनीवर होती. आरडाओरडा झाला, शेजारी धावले, ताईला घेऊन गेले. मी तशीच उघडी राहिले. चकती सैल आणि बॉबिन अर्धी.

चार दिवसांनी भाऊ दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. अशा वेळी त्याला काहीतरी दुरुस्त करावंसं वाटायचं. तो माझ्यासमोर बसला आणि पायटा मारू लागला. चाक गरगर फिरलं. सुई हलली नाही. त्याने तेल घातलं, इतकं की ते खाली ठिबकलं. पाना घेऊन मला दोनदा ठोकलं. पुन्हा चाक फिरलं, पुन्हा सुई तशीच. “आतला दांडा तुटलाय,” तो वहिनीला म्हणाला. “गेली ही. ताईबरोबरच हीही पडली बघ.”

मी जिवाच्या आकांताने सांगत होते की दांडा शाबूत आहे, मी शाबूत आहे, फक्त ती चकती बघ. पण मशीनचा आवाज सुई चालली तरच येतो. त्याने निळं कापड गुंडाळून खणात टाकलं, पट्टा उतरवला, मला खाली वाकवलं आणि वरून फळी लावली.

आत फार अंधार होता. माझी मान खाली, पाठ टेबलाला चिकटलेली. सुरुवातीला वाटलं, संध्याकाळपर्यंत उघडतील. मग वाटलं, ताई आली की उघडतील.

ताई तीन आठवड्यांनी आली, पण खुर्चीत बसून. उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाले होते. आणि तिची सगळी बोलणी, सगळे टोमणे जाऊन तोंडात एकच शब्द उरला होता.

“घट्ट.”

पाणी हवं, तरी घट्ट. नको, तरी घट्ट. घरी आलेल्या डॉक्टरांचं बोलणं मी फळीखालून ऐकलं. “त्यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. एखादा शब्द कसाबसा सुटून येतो. बऱ्याचदा तो शेवटी मनात असलेला असतो. का तोच, ते आम्हालाही नाही सांगता येत.”

मला सांगता आलं असतं. घरात तेवढी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि मी पोटात बंद होते.

माझ्या फळीवर आता वहिनीने पीठ मळायला सुरुवात केली. उंची सोयीची होती. एका टोकाला भाऊने कुंड्या ठेवल्या, कारण घरातला सगळ्यात चांगला उजेड त्याच खिडकीत होता. पहाटे पिठाचा गोळा माझ्या डोक्यावर आपटला जायचा, धप्प, धप्प. दुपारी कुंड्यांचं पाणी फटीतून गळून माझ्या मानेवर पडायचं. त्या वाकड्या पानापाशी गंज धरू लागला. एका कोळ्याने माझ्या सुईपासून खणाच्या कडेपर्यंत जाळं विणलं. दिवस मोजायचं साधन माझ्याकडे एकच होतं, पावाचा वास. एक वास म्हणजे एक दिवस. शंभरानंतर मी मोजणं सोडलं.

पण ऐकू सगळं यायचं, आणि फळीच्या फटीतून थोडंफार दिसायचंही. ताईची खुर्ची माझ्या अगदी समोर ठेवलेली असायची. भाऊने तिला सांगितलं होतं, “ताई, तुझी मशीन गेली बरं का. दांडा तुटला.” तेव्हापासून ती माझ्या दिशेने डावा हात करून म्हणायची, “घट्ट. घट्ट.”

पण माझ्यावर वहिनी पीठ मळत असायची.

“पीठ घट्ट झालंय म्हणताय?” वहिनी विचारायची. “बरं, घालते पाणी.” तिने पीठ सैल केलं. ताई पुन्हा म्हणाली, “घट्ट.” वहिनीने आणखी सैल केलं. ताईने मान हलवली आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी पिळल्यासारखं केलं. वहिनीने मुरंब्याची बरणी आणली आणि तिचं झाकण सैल करून दिलं. ताईने बरणी ढकलून दिली.

मग घरातल्या एकेक गोष्टी सैल होऊ लागल्या. ताईच्या चपलांचे पट्टे सैल केले, पांघरूण सैल केलं, खिडकीची कडी सैल केली, ती वाऱ्याने रात्रभर आपटत राहिली. भाऊला वाटलं, ती कुंड्यांकडे हात करते आहे. त्याने लिंबाचं रोप उपसून पाहिलं, तर मुळं कुंडीच्या आतल्या बाजूने गोल गोल फिरून स्वतःलाच गुंडाळून बसली होती. “बघ, बरोबर ओळखलंस ताई! कुंडी घट्ट होत होती त्याला.” त्याने रोप मोठ्या कुंडीत लावलं. लिंबाचं भलं झालं. ताई मात्र भिंतीकडे तोंड करून बसली. एके दिवशी कुणीतरी तिच्या खुर्चीचा पट्टासुद्धा सैल केला आणि ती घसरून पडता पडता वाचली.

लिंबाच्या मुळांचा मला हेवा वाटला. त्यांना मोठी कुंडी तरी मिळाली.

वहिनीचे पाव बिघडत गेले. इतक्या सैल पिठाचा पाव उभा राहत नाही. तो पसरतो, आत ओला राहतो, वरून रबरासारखा होतो. टाकायचे कसे, म्हणून ते ती स्वतःच खायची. ताईशी ती अजूनही बोलायची, पण पूर्वीची मजा गेली होती. एकदा मळता मळता ती थांबली आणि फळीवर दोन थेंब पडले. ते कुंडीचं पाणी नव्हतं. ती अगदी हळू म्हणाली, “इतकी वर्षं नावं ठेवलीत ती हसत ठेवलीत वन्सं. आता एकच शब्द उरला, तोही माझ्या पिठाला नाव ठेवायलाच का?”

ताईच्या घशातून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. आम्ही तिघी एकमेकींपासून हातभर अंतरावर होतो. एक फळीच्या वर, एक खाली, एक खुर्चीत. आणि कुणालाच कुणाकडे जाता येत नव्हतं.

मग एका शुक्रवारी भाऊ म्हणाला, “उद्या सुताराला बोलावलंय. हे टेबल तसंही हललंय. लोखंडी पाय झकास आहेत, त्यावर कुंड्यांचं स्टँड करून घेऊ. मशीन भंगारात जाईल.”

माझी सुई गार पडली. उद्या.

ताईने ते ऐकलं होतं. भाऊ कामाला गेला तशी ती डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवू लागली. “घट्ट! घट्ट! घट्ट!” आवाज चिरका, कधी नव्हे इतका मोठा. वहिनी पीठ मळत होती. त्या दिवशी पीठ इतकं सैल होतं की तिच्या कोपरापर्यंत चिकटलं होतं. तिचा संयम संपला.

“अजून किती सैल करू वन्सं?” ती ओरडली. “सैल करून करून माझ्या पावांच्या चपला झाल्या! पांघरूण सैल, पट्टा सैल, खिडकी सैल, सगळं घर सैल केलं! आता आणखी काय सैल करायचं राहिलंय?”

‘सैल’ शब्दासरशी ताई जोरजोरात मान हलवू लागली. नाही, नाही, नाही. “घट्ट!” आणि तीच हवेतली पिळणी.

वहिनीचे पिठाचे हात तसेच हवेत. दारावरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदाच इतकी स्पष्ट ऐकू आली.

“थांबा,” ती म्हणाली. “घट्ट आहे असं नाही म्हणत तुम्ही?”

ताईची हलणारी मान थांबली.

“घट्ट कर, असं म्हणताय?”

ताईने डोळे मिटले आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. मित्रांनो, इतके महिने सगळे जण तक्रार ऐकत होते. ती तक्रार नव्हतीच. ते काम सांगणं होतं.

“काय घट्ट करू? हे?” वहिनीने बरणीचं झाकण फिरवलं. नाही. खिडकीची कडी? नाही. खुर्चीचा पट्टा? नाही. ताईचा हात थेट माझ्याकडे. वहिनीने पीठ बाजूला केलं. तरी हात माझ्याकडेच. कुंड्या उचलून खाली ठेवल्या. तरी माझ्याकडेच.

“मशीन?”

ताईने इतक्या जोरात मान डोलावली की केसांची पिन पडली.

फळी उघडली. उजेड आत आला तेव्हा तो मला टोचला. वहिनीने मला धरून वर ओढलं. माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या, कोळी पळाला. पिठाळलेल्या हातांनी ती माझा एकेक भाग धरू लागली, आणि प्रत्येक वेळी वळून ताईकडे बघू लागली. सुईचा स्क्रू? नाही. दोऱ्याची खुंटी? नाही. टेबलाचे खिळे? नाही. चाक? ताईचा श्वास थांबला. चाकाच्या मधली चकती?

“घट्ट,” ताई म्हणाली. या वेळी अगदी हळू.

वहिनीने एका हाताने चाक धरलं. दुसऱ्या हाताने चकती फिरवली. उलटी फिरवली आधी, ताई हुंकारली. मग पलीकडे फिरवली. चकती गंजलेली होती, हलेना. वहिनीने ओठ चावून जोर लावला.

अर्धा फेरा.

मग तिने चाक स्वतःकडे ओढलं. माझ्या आत काहीतरी कुरकुरलं. आणि सुई हलली. एक बोटभर वर गेली, खाली आली.

वहिनी मटकन स्टुलावर बसली. “एवढंच?” ती म्हणाली. “एवढंच सांगत होतात?”

मग तिने तेल शोधायला खण उघडला आणि तिच्या हाताला ते निळं कापड लागलं. तिने ते उलगडलं. खिसा बघितला. डाव्या बाजूचा. कमरेचा एकच बंद. मग तिने पिठाचे हात सवयीने अंगाला पुसायला नेले आणि मध्येच थांबवले.

दुसऱ्या दिवशी सुतार आला, तेव्हा पट्टा चढवून आमचं काम चालू होतं. मला एका माणसाने चालवणं आता शक्य नव्हतं. ताईचा उजवा पाय पायट्याला उपयोगाचा नव्हता, उजवा हात चाकाला नाही, आणि वहिनीला शिवता येत नव्हतं. म्हणून वहिनी स्टुलावर बसली, तिचे पाय, तिचा उजवा हात. शेजारी खुर्चीत ताई, तिचा डावा हात कापडावर. वहिनीने पहिल्याच फटक्यात चाक उलटं फिरवलं आणि दोरा तोडला.

“घट्ट,” ताई म्हणाली. तो टोमणा होता. न ओळखण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

“कळलं हो, कळलं. पहिलाच दिवस आहे माझा.”

दुसरा बंद शिवून झाला. शिवण गोगलगाय चालत गेल्यासारखी वाकडी. माझ्या आयुष्यातली ती सर्वात वाईट शिवण, आणि कुणी मला विचारलं तर हीच दाखवीन. भाऊ दारात उभा होता. “मी म्हणालोच होतो,” तो म्हणाला, “काहीतरी किरकोळ असणार.” दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. तो सुताराला घेऊन अंगणात गेला आणि पीठ मळायला नवीन टेबल करायचं ठरवून आला.

वहिनीने एप्रन घातला आणि मागे हात नेऊन बंद ओढले. ते कसेबसे पोचले.

“घट्ट,” ताई म्हणाली.

वहिनीने खाली पाहिलं, आणि खो खो हसत सुटली. “हो वन्सं! हे मात्र खरंच घट्ट आहे! दोन वर्षं ते चपलांसारखे पाव कुणी खाल्ले मग?” ताईही हसली. तिचं हसू तोंडाच्या एकाच बाजूला येतं, पण आवाज पूर्ण येतो.

आता वहिनी तिच्याकडून शिकते आहे. ताईकडे शब्द अजूनही एकच आहे. डॉक्टर म्हणतात, दुसरा येईल किंवा येणार नाही. पण आता घरात कुणी तो शब्द ऐकला की लगेच काही सैल करायला धावत नाही. थांबतात, विचारतात, “काय घट्ट?” आणि ताई मान डोलवेपर्यंत बसून राहतात. काही वेळा त्यात अर्धा तास जातो. मलाही रोज संध्याकाळी खाली वाकवून वरून फळी लावतात, कारण तेवढीच जागा आहे. अंधार तोच आहे. मी अजूनही घाबरते. पण सकाळी वहिनी पाव ओव्हनमध्ये ठेवते आणि फळी उघडते.

ताई जिथे जाणार होती, तिथे ती कधीच गेली नाही. माझ्यामुळे. ते अर्ध्या फेऱ्याने सुटण्यासारखं नाही, हे मला कळतं. परवा काम संपल्यावर तिने डाव्या हाताचा तळवा माझ्या त्या गंजलेल्या वाकड्या पानावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती मला थोपटत होती की दामटून ठेवत होती, मला कळलं नाही. तिने सांगितलंही असेल. मीच बहुतेक नीट ऐकलं नसेल.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी मशीन बंद पडली असेल, तर तिला तेल घाला, धूळ पुसा, तिच्या डोक्यावर कुंड्या ठेवू नका. आणि एखादं माणूस पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत असेल, तर तो तुम्हाला कळला आहे असं लगेच समजू नका. हातातलं काम बाजूला ठेवा, त्याच्यासमोर बसा आणि विचारा, “घट्ट आहे, की घट्ट करू?”